माझ्या हातचा रिपोर्ट

"आक्का, दार लावून घे आधी," बसू म्हणाला.

रविवारची दुपार होती. लॅब बंद होती, पण किल्ली माझ्याकडं असायची. बसू, म्हणजे माझा धाकटा भाऊ बसवराज, वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक बाटली हातात घेऊन उभा होता. मी दार लावलं. त्यानं बाटली टेबलावर ठेवली आणि तोंड फिरवून भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत राहिला.

"दुसरीकडं नाही का जायचं रे?" मी म्हटलं.

"मिरजेत कुठं जाऊ? सगळे लॅबवाले तुला ओळखतात, आणि तुझ्यामुळं मला. उद्या गावभर होईल."

ते खरं होतं. मिरजेत दर चौथ्या घरावर डॉक्टरची पाटी आणि दर पाटीमागं एक लॅब. डॉ. सबनीसांच्या लॅबमध्ये मी नऊ वर्षं काम करत होते. माझा नवरा अपघातात गेला तेव्हा माझी मुलगी पाच वर्षांची होती. सासरच्यांनी दोन महिन्यांत रंग दाखवला. बसू तेव्हा चोवीस वर्षांचा. टेम्पो घेऊन आला, माझं सामान भरलं आणि सगळ्यांदेखत म्हणाला, "माझी बहीण माझ्या घरात राहील. कुणाला काय म्हणायचं असेल तर मला म्हणा." त्याच घरात मी राहत होते. आमची आई अव्वा, बसू, बसूची बायको महानंदा, जिला सगळे नंदा म्हणायचे, मी आणि माझी मुलगी.

बसूच्या लग्नाला पाच वर्षं झाली होती. मूल नव्हतं.

मी बाटलीवर चिठ्ठी लावली : श्री. कुलकर्णी, वय ३२. बसवराज हिंगमिरे असं लिहायची छाती झाली नाही. थेंब काचेवर घेतला आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. कितीतरी वेळ मी काच इकडून तिकडं सरकवत होते.

"काय दिसतंय?"

"थांब जरा."

"आक्का, काय दिसतंय ते सांग की गं."

जिथं गर्दी दिसायला हवी तिथं चारदोन ठिपके होते, आणि तेही जागच्या जागी. मी त्याला जमेल तितक्या हळुवारपणे सांगितलं. तो स्टुलावर बसला. मग म्हणाला, "म्हणजे नंदात काय दोष नाही."

"तिचं तपासल्याशिवाय कसं सांगणार? पण तुझं हे असं आहे."

मी त्याचं रक्तही घेतलं. एक नळी हार्मोनच्या तपासणीसाठी मुंबईला पाठवली, त्याच कुलकर्णी नावानं. दहा दिवसांनी कागद आला. पुरुषाच्या अंगात जे टेस्टोस्टेरॉन असतं ते बसूच्या अंगात निम्म्याहूनही कमी होतं. ही बातमी मी त्याला घराच्या गच्चीवर दिली. वाळत घातलेल्या कपड्यांच्या आड उभा राहून त्यानं ऐकली.

"असं कशानं होतं?"

"कारणं पुष्कळ असतात. मोठ्या डॉक्टरला दाखवूया. मी येते बरोबर."

"नको." त्यानं माझा हात घट्ट धरला. "आक्का, अव्वाला सांगू नको. नंदाला तर नकोच नको. तिच्यासमोर मग मी कसा राहू? तुला मुलीची शपथ आहे."

मी मान डोलावली. लहानपणी त्याच्या चुका मी अशाच पोटात घालत आले होते.

बसू गावाबाहेरच्या माळावरच्या एका कारखान्यात होता. जुन्या गाड्यांच्या बॅटऱ्या तिथं फोडायचे, आतल्या शिशाच्या पट्ट्या भट्टीत वितळवायचे आणि त्याच्या लाद्या ओतायचे. भट्टीवर बारा माणसं. बसू संध्याकाळी घरी यायचा तेव्हा भुवयांवर करडी धूळ असायची. त्याचे कपडे नंदा दारातच झाडायची, मग भिजवायची. गेल्या दोनतीन वर्षांत तो चिडका झाला होता. जेवण कमी झालेलं. पोटात दुखतं म्हणायचा. सगळेजण म्हणत, मूल नाही म्हणून माणूस झुरतोय.

महानंदा जत तालुक्यातल्या खेड्यातली. सावळी, उंच, कामाला वाघीण. माझ्या मुलीची वेणी तीच घालायची. गच्चीवरच्या त्या दिवसानंतर महिन्याभरात तिनं मला स्वयंपाकघरात गाठलं. भाकरी थापता थापता, माझ्याकडं न बघता म्हणाली, "वन्सं, एक विचारू? रागावू नका."

"विचार की."

"हे माझ्याकडं बघत पण नाहीत हो. वर्ष होऊन गेलं. भिंतीकडं तोंड करून झोपतात. मी दिसायला बरी राहिली नाही का?"

तव्यावरची भाकरी करपत होती. मी ती उलटली.

"दमतो गं तो. भट्टीचं काम."

"तसं नाही. माझ्यातच काहीतरी कमी असेल. बाईचं अंग गार असलं की पुरुषाचं मन उडतं, असं अव्वा म्हणतात." तिनं पुढची भाकरी घातली. "तुम्ही शिकलेल्या आहात. मला काही औषध असेल तर द्या की."

माझ्या ओठांवर सगळं आलं होतं. पण मी म्हटलं, "बघते. विचारते डॉक्टरांना."

औषध मी आणलं. ताकदीच्या गोळ्या. तिनं त्या दोन महिने श्रद्धेनं खाल्ल्या.

मग अव्वानं घोशा लावला. नंदाला दवाखान्यात न्या, काय असेल ते एकदाचं कळू दे. नेणार कोण, तर मीच. तिथल्या डॉक्टरांनी गर्भपिशवी साफ केली, नळ्यांत औषध सोडून एक्स-रे काढला. त्या एक्स-रेच्या टेबलावर नंदानं माझं मनगट इतकं आवळलं की तिच्या बोटांचे वळ दोन दिवस राहिले. तिचं सगळं बरोबर निघालं. डॉक्टरांनी कागद चाळून विचारलं, "नवऱ्याची तपासणी?"

नंदा माझ्याकडं बघायला लागली.

"झालीय," मी म्हटलं. "आमच्याच लॅबमध्ये."

"मग रिपोर्ट आणा पुढच्या वेळी. तो बघितल्याशिवाय मी काही बोलणार नाही."

बाहेर आल्यावर नंदा म्हणाली, "ह्यांची तपासणी झाली? मला कुणी बोललं नाही." आणि तिचा चेहरा एकदम उजळला. "म्हणजे त्यांना पण काळजी आहे, वन्सं."

त्या रात्री मी बसूला विचारलं, आता काय करू. तो जेवता जेवता उठला. "तू करशील ते कर," एवढंच म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सबनीस डॉक्टर जेवायला गेले असताना मी लॅबचा छापील कागद घेतला. बसवराज मलकाप्पा हिंगमिरे, वय ३२. संख्या भरपूर लिहिली, हालचाल उत्तम लिहिली. खाली लिहिलं : नॉर्मल. डॉक्टर सही करून कोरे कागद माझ्यावर सोपवून जायचे, इतका त्यांचा माझ्यावर विश्वास. त्यातलाच तो एक कागद होता. माझं अक्षर चांगलं आहे, शाळेपासून सगळे नावाजतात. तो रिपोर्टही मी चांगल्या अक्षरात लिहिला.

त्या कागदानं पुढचं सगळं सोपं केलं. डॉक्टर म्हणाले, दोघांतही दोष दिसत नाही, कधी कधी कारण सापडत नाही, वाट बघा. अव्वानं त्यातलं एकच उचललं : माझ्या लेकात दोष नाही. तिनं आपल्या भावाला, मल्लूमामाला, बोलावून घेतलं. मामानं नंदाच्या वडलांना, सिद्रामअण्णांना, निरोप धाडला.

माघातला गुरुवार होता. मी अर्ध्या दिवसाची रजा घेतली होती. बाहेरच्या खोलीत सतरंजी अंथरलेली. सिद्रामअण्णा भिंतीला टेकून बसले होते, टोपी गुडघ्यावर. नंदा स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभी होती. बसू दारापाशी पायरीवर बसला होता, सगळ्यांकडं पाठ करून.

मल्लूमामा म्हणाला, "अण्णा, भांडण नाही, तंटा नाही. पोरगी गुणाची आहे. पण वंशाचा दिवा लागायला नको का? आमच्या पोराचं तपासून झालंय. कागद आहे." त्यानं रिपोर्ट अण्णांपुढं सरकवला.

अण्णांना इंग्रजी वाचता येत नव्हतं. त्यांनी कागद उलटा-सुलटा करून बघितला आणि परत ठेवला. "कागद म्हणतो तसं असेल. आम्ही काय सांगणार?"

तेवढ्यात नंदा पुढं आली. असल्या बैठकीत सुनेनं बोलायची रीत नव्हती. ती माझ्यासमोर येऊन बसली.

"वन्सं, हे तुम्ही स्वतः तपासलंत?"

"नंदे, तू आत जा," अव्वा म्हणाली.

"जाते. एवढं ऐकून जाते. वन्सं, तुम्ही स्वतःच्या डोळ्यांनी बघितलंत?"

बसूची पाठ ताठ झालेली मला दिसली. माझी मुलगी आतल्या खोलीत मोठ्यानं धडा वाचत होती.

"हो," मी म्हटलं. "मी स्वतः बघितलं."

"आणि ते चांगलं होतं?"

"चांगलं होतं."

नंदानं माझ्याकडं नीट बघितलं. तिला संशय आला असता तर मला बरं वाटलं असतं. पण तिनं मान खाली घातली. माझा शब्द तिनं खरा मानला. "मग माझंच नशीब," असं म्हणून ती उठली. तासाभरात तिची ट्रंक बाहेर आली. निघताना तिनं माझ्या मुलीला जवळ घेतलं आणि वाकून माझ्याही पाया पडली. बसूनं ट्रंक रिक्षात ठेवली आणि तसाच कारखान्याकडं निघून गेला.

दुसऱ्या लग्नाचं अव्वा बोलत राहिली, बसू टाळत राहिला. सात-आठ महिने असेच गेले. गणपती झाले आणि एका सकाळी बसूला तांब्या उचलेना. उजवा हात मनगटातून लुळा पडला होता. आदल्या आठवडाभर पोटात असा पीळ पडत होता की तो गुडघे पोटाशी घेऊन लोळायचा. आम्ही त्याला दवाखान्यात भरती केलं.

तिथं डॉ. मुजावर म्हणून तरुण बाई नव्यानं लागल्या होत्या. त्यांनी बसूचा ओठ खाली ओढून हिरड्या बघितल्या. दातांच्या कडेनं निळसर-काळी रेघ होती.

"काम काय करता?"

"बॅटरीच्या कारखान्यात. भट्टीवर."

"किती वर्षं?"

"नऊ."

त्यांनी रक्त काढून आमच्याच लॅबमध्ये पाठवलं. संध्याकाळी सबनीस डॉक्टरांनी मला हाक मारली. "कस्तुरी, इकडं ये. हे बघून ठेव. असं दरवेळी बघायला मिळत नाही."

मी डोळा लावला. तांबड्या पेशींवर बारीक निळे ठिपके, जणू कुणी शाईचा ब्रश झटकलाय.

"शिशाचं विष. पुस्तकात चित्र असतं बघ."

मला पुस्तकाची गरज नव्हती. ते ठिपके मी आधी बघितले होते. त्या रविवारी बसूचं रक्त घेतलं तेव्हा थोडं उरलं होतं, आणि सोमवारी सकाळी सवयीनं मी त्याची एक काच रंगवली होती. हेच ठिपके, थोडे विरळ. मी ओळखलं होतं. चित्र मलाही पाठ होतं. डॉक्टरांना दाखवायला उठलेसुद्धा होते. मग मनात आलं, ते विचारतील हे रक्त कुणाचं, हा कुलकर्णी कोण, पत्ता काय. सगळंच उघडं पडेल. रंग जुना झाला असेल, अशी मी स्वतःची समजूत घातली आणि काच नळाखाली धरली. हे मी बसूलाही सांगितलं नव्हतं. त्यानं मला शपथ घातली होती ती त्याच्या लाजेची. या ठिपक्यांबद्दल मला कुणीच शपथ घातली नव्हती.

दुसऱ्या दिवशी डॉ. मुजावर बसूच्या कॉटशी उभ्या राहून समजावत होत्या. अव्वा आणि मी बाजूला. शिसं श्वासातून आणि हातातोंडातून अंगात जातं, हाडात साठतं. रक्त कमी होतं, नसा दुबळ्या होतात. "आणि पुरुषांत हार्मोनवरही परिणाम होतो. इच्छा कमी होते, बीज कमी होतं. मूलबाळ आहे का?"

कुणी बोललं नाही.

"लवकर कळलं, काम सोडलं, तर पुष्कळदा सुधारतं. दोन वर्षांपूर्वी कुणी रक्त बघितलं असतं तर आज हात असा झाला नसता. आधी कधी काही तपासणी केली होती का?"

"नाही," मी म्हटलं. तोंडातून निघून गेलं.

"केली होती," बसू उशीवरून म्हणाला. "आक्कानंच केली होती. माझ्यातच दोष निघाला होता. मी तिला गप्प बसवलं, आणि बायकोला घालवून दिली."

अव्वा कॉटची दांडी धरून खाली बसली.

मुजावरबाईंनी माझ्याकडं बघितलं. "तुम्ही लॅबमध्येच आहात ना? मग रक्तात काहीच दिसलं नाही?"

बसूनं सगळं स्वतःवर घेतलं होतं. मी नाही म्हटलं असतं तर तो विषय तिथंच संपला असता.

"दिसलं होतं," मी म्हटलं. "ठिपके दिसले होते. मी काच धुवून टाकली."

बसू माझ्याकडं बघत राहिला. डावा हात फक्त चादरीखाली घेतला. पुढचे तीन दिवस तो माझ्या हातचं पाणी प्यायला नाही.

सबनीस डॉक्टरांना मी स्वतः जाऊन सांगितलं, कोऱ्या कागदाचंसुद्धा. त्यांनी चष्मा काढून पुसला, परत घातला आणि म्हणाले, "किल्ली टेबलावर ठेव."

बसूवर महिनाभर उपचार झाले. अंगातलं शिसं औषधानं थोडं थोडं उतरलं. हाताची बोटं हलायला लागली तेव्हा एक दिवस म्हणाला, "मला नंदाच्या गावाला जायचंय. तू पण चल. खोटं दोघांनी केलंय."

आम्ही एस.टी.नं गेलो. नंदा अंगणवाडीत मदतनीस म्हणून लागली होती. आम्ही गेलो तेव्हा अंगणात डाळ निवडत होती. सिद्रामअण्णांनी शेजारची चार माणसं आपण होऊन बोलावली, आमचं काही भांडण होईल या भीतीनं. बसू त्या चौघांसमोर उभा राहिला आणि म्हणाला, "दोष माझ्यात होता. हिच्यात कधीच नव्हता. मला ठाऊक असून मी हिला घालवली."

मग मी सांगितलं. रिपोर्टचं, काचेचं, गोळ्यांचंसुद्धा.

नंदा सुपातली डाळ हातानं सारखी करत होती. "ते लाजले," ती म्हणाली, "पुरुषाची जात, लाजले. त्यांच्या अंगात विष होतं, ते त्यांना ठाऊक नव्हतं. तुम्ही मात्र बघत होता, वन्सं. त्यांना मरताना बघत होता, आणि मला एक्स-रेच्या टेबलावर बघत होता."

मी पिशवीतून सुई आणि नळी काढली. "तू त्याचे कपडे धूत होतीस. तुझंही रक्त बघायला हवं, असं डॉक्टर म्हणाल्यात. मी घेऊ?"

"नको. दुसरीकडं देईन मी."

मी नळी परत पिशवीत ठेवली. बसूनं हलकेच विचारलं, "परत येशील?"

"नाही," ती म्हणाली. रागानं नाही. पाहुण्याला चहा नको म्हणावं तसं म्हणाली. मग सूप बाजूला ठेवून तिनं मला विचारलं, "त्या भट्टीवर आणखी किती जण आहेत?"

"अकरा."

"त्यांची लग्नं झालीत?"

"नऊ जणांची."

"त्या नऊ बायकांना कुणी सांगितलंय?"

बसूनं नाही अशी मान हलवली. कारखान्यातल्या माणसांना त्यानं हिरड्या दाखवल्या होत्या. ते हसले होते. मर्द गड्याला धुळीनं काय होतं, म्हणाले होते.

"मग तुम्ही जा, वन्सं. घरोघर जा. नुसतं शिसं शिसं म्हणून सांगू नका, कुणाला कळायचं नाही. माझं काय झालं ते सांगा. नाव घेऊन सांगा. आणि तुम्ही काय केलंत ते पण सांगा."

नंदा परत आली नाही. तिनं पुढं दुसरं लग्न केलं की नाही, हे तिनं आम्हाला कळवलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. बसू एका शाळेत शिपाई म्हणून लागला, एकटाच राहिला. त्याच्या हाताची शेवटची दोन बोटं अजून सरळ होत नाहीत. अव्वा जाईपर्यंत माझ्याशी बोलत राहिली, पण कमी.

मी मात्र गेले. जतहून आल्याच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी दहाला. पहिलं घर भट्टीवरच्या शंकर नावाच्या माणसाचं होतं, रेल्वे फाटकापलीकडं. दार त्याच्या आईनं उघडलं. तिच्यामागं ओल्या हातांनी एक तरुण सून उभी होती, कपाळावर अंगाऱ्याचं बोट.

"कोण पाहिजे?" म्हातारीनं विचारलं.

"मी बसवराजची बहीण. त्याच्या बायकोला आम्ही मूल होत नाही म्हणून घालवून दिलं होतं. तिचं नाव महानंदा. दोष तिचा नव्हता. मला ठाऊक होतं, आणि मी खोटा रिपोर्ट लिहिला."

म्हातारीच्या कपाळाला आठ्या पडल्या. "मग ते आमच्या दारात कशाला सांगता बाई?" म्हणत ती दार ओढून घ्यायला लागली.

मागून सुनेचा ओला हात आला आणि दाराच्या कडेवर टेकला.

"आत्याबाई," ती म्हणाली, "त्यांना आत येऊ द्या."